पासाच्या डब्यातले काका आणि फुल्ल आवाज: सांगायचं कसं?

शिवाजीनगर_पास

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच सुटत नाहीये, म्हणून इथे टाकते.

मी पुणे-मुंबई रोज करते. (हो, अजूनही. घर पुण्यात, नोकरी फोर्टात, आणि मुंबईत भाड्याने राहायचं तर पगार कशाला घ्यायचा, असा हिशोब आहे.) सकाळची गाडी. कोणती ते लिहीत नाही, कारण इथे पासवाले पुष्कळ आहेत आणि डबाच काय, बाकसुद्धा ओळखतील.

आमच्या समोरच्या सीटवर एक काका असतात. साठी उलटलीय, रिटायर झाले, पण कंपनीनेच सल्लागार म्हणून ठेवून घेतलंय, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस मुंबईला येतात. माणूस एकदम सज्जन. एखादी पोरगी उभी दिसली की स्वतः उठून तिला बसवतात. दसऱ्याला डब्याची पूजा असते तेव्हा झेंडू आणि आंब्याचे डहाळे पहाटे मंडईतून तेच घेऊन येतात. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रक्ताची सोय त्यांनी केली होती. हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना शिव्या घालू नयेत.

गाडी शिवाजीनगर सोडते न सोडते तोच काकांचा मोबाईल बाहेर येतो. आवाज फुल्ल. इअरफोन नावाची वस्तू त्यांच्याकडे नाही. आधी राशिभविष्य, बाराही राशींचं, कारण घरच्या सगळ्यांचं बघतात. मग शेअर बाजारवाले, जे एकमेकांवर ओरडतात. मग चुलीवरचं मटण. मग व्हॉट्सॲपवर रात्रभरात जे काही जमलं असेल ते. यातलं एकही पूर्ण नाही. अर्धं बघायचं, अंगठ्याने वर ढकलायचं, पुढचं.

पण हे सगळं मला चालेल. खरा छळ पुढे आहे. तळेगावच्या आसपास काकांना डुलकी लागते. मोबाईल पोटावर, हात त्याच्यावर, आणि रील चालूच. रील संपलं की परत पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात एक बाई तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत विचारत होती, "भाऊजी, चहा टाकू का?" आणि मागून हसण्याचा आवाज. परत "भाऊजी, चहा टाकू का?" भाऊजींनी शेवटपर्यंत हो-नाही काही सांगितलं नाही. माझ्या शेजारची मुलगी, आयटीवाली, रात्री दीडला झोपलेली, ती डोळे मिटून पुटपुटली, "टाका हो एकदाचा."

खंडाळा सुटलं की बोगदे लागतात, नेटवर्क जातं, आणि डबा एकदम गप्प. कर्जत येईपर्यंतचा तेवढाच काय तो आराम. तोही पूर्ण नाही, कारण व्हॉट्सॲपवर डाउनलोड झालेलं चालतंच.

आतापर्यंत झालेले प्रयत्न:

आमच्यातल्या एकाने मोघम सांगून पाहिलं. डब्यात मोठ्याने म्हणाला, "मंडळी, सकाळची वेळ आहे, जरा आवाज कमी ठेवूया." काकांनी मोबाईल तसाच चालू ठेवून मान डोलावली आणि म्हणाले, "अगदी बरोबर! हल्लीच्या पोरांना पोचच नाही."

टीसींना सांगितलं. ते काकांना ओळखतात. हसले आणि म्हणाले, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील.

मी स्वतः नॉइज कॅन्सलिंगवाले महागडे हेडफोन घेतले. गाडीची घरघर गेली आणि भाऊजींचा चहा आणखी स्पष्ट ऐकू यायला लागला. असं कसं, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

तर, नियम काय आहेत ते हवंच, पण त्यापेक्षा, या माणसाला दुखावता कसं सांगू ते सांगा. सॉरी, *न* दुखावता.

---

फलाट_क्र_२

ताई, सरळ सांगा की. "काका, आवाज थोडा कमी करा." यात विचार करण्यासारखं आहे काय? आम्ही लोकलमध्ये रोज सांगतो. कधी ऐकतात, कधी भांडतात. दादर आलं की सगळे मोकळे.

---

शिवाजीनगर_पास

तेच तर. तुमचं दादर येतं आणि माणूस बदलतो. माझ्यासमोर उद्या तोच माणूस, तीच सीट, आणि तीन तासांहून जास्त वेळ. संध्याकाळी परत तोच. त्यांनी मनाला लावून घेऊन डबा बदलला तर ग्रुप मला विचारणार, तू काय बोललीस त्यांना?

---

काळा_कोट

रेल्वेत हयात गेली, तिकीट तपासनीस म्हणूनच निवृत्त झालो, म्हणून लिहितो.

नियम विचारलात. रेल्वे कायदा १९८९, कलम १४५. डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत दारू पिऊन येणं, उपद्रव करणं, अश्लील बोलणं, शिवीगाळ. मी नोकरीत होतो तोवर शिक्षा अशी होती: रेल्वेचा कर्मचारी त्या माणसाला गाडीतून उतरवू शकतो, पास किंवा तिकीट जप्त, वर ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड. मोबाईलचा त्यात उल्लेख नाही. असणार कुठून, आपल्या देशात मोबाईलवरून पहिला फोन लागला १९९५ साली. "उपद्रव" या एका शब्दात सगळं बसवायचं.

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाकडून स्पष्ट सूचना आल्या. मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत, रात्री १० नंतर मंद दिवा सोडून बाकीचे दिवे बंद, आणि तपासनीस, आरपीएफ, कोच अटेंडंट सगळ्यांनी प्रवाशांना हे समजावून सांगायचं. तक्रार १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर. रात्रीच्या गाडीत याचा उपयोग होतो, मी पाहिलेलं आहे. डब्यात अटेंडंट असतो, गाडी लांबची, अंधार झालेला, लोकांना झोपायचंच असतं, त्यामुळे सगळा डबा तक्रारदाराच्या बाजूने असतो.

तुमच्या सकाळच्या गाडीत तसं होत नाही. तपासनीसाकडे अनेक डबे, प्रत्येक डब्यात पासवाले, आणि त्या पासवाल्यांशी त्याला रोजचं जमवून घ्यायचंय. तुमच्या टीसींनी हात झटकले ते मला पटत नाही, पण नवल वाटत नाही.

मी काय करायचो? तिकीट बघायला माणसापुढे उभा राहिलो की आधी त्याच्या मोबाईलकडे बोट दाखवायचो, मग तिकीट मागायचो. बोलायचं काहीच नाही. तिकीट काढायला हात खिशात जायचा, त्याआधी मोबाईल बंद करावा लागायचा. पुढे गेल्यावर परत लावताना दहातले काही जण कमी आवाजात लावायचे. काही पहिल्यासारखेच. तेवढ्यावर समाधान मानायचो.

एक सांगतो. सगळ्यांना उद्देशून सांगितलेलं ज्याला लागू आहे तो कधीच ऐकत नाही. तुमचे काका "हल्लीची पोरं" म्हणाले ते ढोंग नव्हतं. त्यांना खरंच वाटतं की ते दुसऱ्यांबद्दल आहे.

आणि कुणी साखळी ओढायचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्याचं कलम वेगळं आहे, १४१, आणि त्यात तुम्हीच अडकाल.

---

भजनग्रस्त

धागा वाचून करमणूक झाली. आता एक उलटा प्रश्न. पासवाल्यांच्या डब्यात भजन असतं का हो? असतंच. मग काकांनी काय पाप केलं?

मी खोपोलीला कंपनीत रात्रपाळी करायचो. सकाळी सुटलो की अप लोकल पकडून डोंबिवली. रात्रभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस, एकच इच्छा, खिडकीला डोकं टेकायचं. आणि कर्जतला मंडळी चढायची. टाळ बॅगेतच असायचे, मृदंग नसला की पत्र्यावर थाप. पत्र्याला डोकं टेकून बसलात का कधी, पलीकडून थाप पडत असताना? एकदा उठून सांगितलं, तर एक बुवा म्हणाले, "देवाचं नाव कानावर पडतंय, पुण्य समजा." पुण्य भरपूर झालं. झोप कुठे गेली?

मोबाईलवाल्याला निदान लाज वाटायची शक्यता असते. समूहाला लाज नसते.

---

शिवाजीनगर_पास

@भजनग्रस्त, बरं झालं विषय काढलात. आमच्याकडे भजन फक्त गुरुवारी, लोणावळ्याच्या आत संपवायचं, आणि नवीन कुणी बसलेलं दिसलं तर आधी विचारतात, "चालेल ना?" शिवाय भजनाला सुरुवात असते आणि शेवट असतो. आरती झाली की संपलं, हे झोपेतल्या माणसालाही कळतं. काकांच्या मोबाईलला शेवट नाही. पुढच्या क्षणी काय वाजणार, मंत्र की मटण, हे काकांनाही माहीत नसतं. मला डोकं उठतं ते त्याने.

---

भजनग्रस्त

"चालेल ना?" असं वीस जणांनी टाळ हातात घेऊन एका नवख्याला विचारायचं. कोण "नाही" म्हणेल, ताई? तुम्ही समोर बसलेल्या एका काकांना "नाही" म्हणू शकत नाही आहात.

---

फेडर_खाली

@भजनग्रस्त, जोरात लागलं हे.

माझा धंदा आवाजाचाच. नाटकाला साउंड ऑपरेट करतो. ताई, तुमच्या हेडफोनचं उत्तर देतो, कारण ते खरंच गमतीदार आहे.

मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्यातून खर्ज निघतच नाही, निघतो तो मधला आणि वरचा भाग. आणि माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. तान्ह्या मुलाचं रडणं कानात घुसतं ते याच पट्ट्यामुळे. दुसरीकडे गाडीची घरघर, चाकांचा आवाज, हे मुख्यतः खालच्या सुरातलं. म्हणजे गाडी जी जागा मोकळी सोडते, नेमका तिथे मोबाईल वाजतो.

आता तुमचे हेडफोन. नॉइज कॅन्सलिंगचं तंत्र असं की बाहेरचा आवाज माइकने घ्यायचा आणि त्याची उलटी लहर कानात सोडायची. सतत चालणाऱ्या, खालच्या सुरातल्या आवाजावर हे झकास चालतं. बोलणं, हसणं, टाळ्या, सारखं बदलणारं आणि वरच्या सुरातलं, तिथे ते कमी पडतं. मग तुम्ही काय केलंत? पैसे देऊन गाडी बंद केलीत आणि भाऊजींना रंगमंच मोकळा करून दिलात.

त्यापेक्षा मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, चुरगाळून कानात घालायचे, आत जाऊन फुगतात. ते वरचे सूर जास्त अडवतात आणि खालचे कमी. घरघर येईल, चहा येणार नाही. गंमत म्हणजे कापसाच्या बोळ्याने हे होत नाही, फोमच लागतो, आणि कान मागून वर ओढून आतपर्यंत घालावा लागतो. बहुतेक लोक टोकालाच ठेवतात आणि म्हणतात, उपयोग नाही.

जाता जाता दोन गोष्टी. एक, गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने हे १९११ मध्ये मांडलं, आजही त्याच्याच नावाने ओळखतात. म्हणूनच गाडी लोणावळ्याला थांबते, सगळं शांत होतं, आणि कुणीतरी फोनवर आपल्या मेव्हण्याच्या कर्जाबद्दल ओरडत असतो हे अख्ख्या डब्याला कळतं. दोन, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, २०१० मध्ये छापून आला. फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकू आली तर माणसाचं लक्ष जास्त विचलित होतं, दोन्ही बाजू ऐकू आल्या तर कमी. मेंदू दुसरी बाजू भरत बसतो. म्हणजे स्पीकरवर बोलणारे आपल्यावर उपकारच करतात म्हणायचं!

आणखी एक, हे मात्र माझं स्वतःचं. जिओ सुरू झालं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याच महिन्यात ॲपलने हेडफोनचं भोक नसलेला पहिला आयफोन दाखवला, आणि मग बाकीचे एकेक करून त्याच वाटेने गेले. डेटा फुकट झाला आणि ऐकायची वायर गेली, एकाच महिन्यात. तेव्हापासून अख्खा देश स्पीकरवर आहे.

---

लालपरी_खिडकी

एसटीत २०२३ च्या सुरुवातीला बंदीचं परिपत्रक आलं, मोबाईलवर मोठ्याने गाणी-व्हिडिओ नाही. बेस्टनेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोटीस काढली. आमच्या रूटचे कंडक्टर एकदम कडक, घंटीची दोरी ओढून गाडी थांबवतात आणि म्हणतात, "ज्याचं चालू आहे त्याचं संपलं की निघू." मग आपलेच प्रवासी त्या माणसाकडे बघतात. बाकी काही करावं लागत नाही.

पण हे कंडक्टर असला तर. दुसऱ्या एका रूटवर ड्रायव्हरच्याच केबिनमधून लावणी चालू असते, तिथे कुणाला सांगणार!

---

कान_नाक_घसा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासणारी. सगळा धागा वाचला आणि एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून आश्चर्य वाटलं. काकांना ऐकू कसं येतं?

वय वाढतं तसे कानाचे आधी वरचे सूर जातात. यात आवाज कमी ऐकू येतो असं माणसाला वाटतच नाही. त्याला वाटतं लोक पुटपुटतात. कारण बोलण्यातले स्वर खालच्या सुरात असतात, ते व्यवस्थित येतात. पण स, श, फ, त, थ, क ही व्यंजनं वरच्या सुरात आणि बारीक, ती गळतात. "साठ" आणि "आठ" सारखंच वाटतं. शेअर बाजाराच्या बातम्या बघणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा! मग माणूस काय करतो, आवाज वाढवतो. गाडीत घरघर असल्यामुळे आणखी वाढवतो.

अजून काही खुणा बघा. फोनवर बोलताना नेहमी एकाच कानाला लावतात का? घोळक्यात गप्पा चालू असताना उगाच हसून मान डोलावतात का? (तुम्ही लिहिलंत की "मंडळी, आवाज कमी" म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांना अर्धंच ऐकू गेलं असण्याची शक्यता मला वाटते. पण मी त्यांना पाहिलेलं नाही, तेव्हा यावर पैज लावू नका.) बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज कळत नाही अशी तक्रार करतात का?

तसं असेल तर तुमचा प्रश्न सोपा होतो. "काका, तुमच्या आवाजाचा त्रास होतो" हे वाक्य बाजूला ठेवा. "काका, गाडीत तुम्हाला नीट ऐकू येतं का? आवाज एवढा ठेवावा लागतो म्हणून विचारलं." हे विचारा. शांत जागी, त्यांच्या समोर तोंड करून, एकटे असताना. डब्यात दहा जणांसमोर कुणालाही बहिरा म्हटलेलं आवडत नाही.

तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो. दुखत नाही, सुई नाही. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात होते. यंत्र लागलंच तर हल्ली बरीचशी ब्लूटूथची असतात, मोबाईलचा आवाज थेट यंत्रात जातो. डबा सुटला.

नुसता इअरफोन द्यायचा असेल तर कानात रबराची टोपी घट्ट बसते तसला द्या. बाहेरचा आवाज अडला की आतला कमी ठेवून भागतं. नुसते टेकणारे दिले तर ते गाडीत परत फुल्ल करतील, आणि मग आहे तो कानही जाईल.

---

फलाट_क्र_२

हे उत्तर वर न्या रे कुणीतरी.

---

काळा_कोट

डॉक्टरीणबाईंचं पटलं. मला स्वतःला सून म्हणते टीव्ही कमी करा. आता तपासून घेतो.

---

शिवाजीनगर_पास

उशिरा लिहितेय, मार्चअखेर होता.

@कान_नाक_घसा, तुमचे किती आभार मानू. सांगते काय झालं ते.

परतीच्या गाडीत कर्जतला घाट चढवायला मागून इंजिन लावतात, तेवढा वेळ गाडी उभी असते. सगळे वडापावच्या मागे खाली उतरले होते. काका आणि मी दोघंच बाकावर. डबा शांत. मी तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं, त्यांच्याकडे तोंड करून.

ते आधी हसले. मग म्हणाले, "ऐकू येतं गं, पण कळत नाही." घरी बायको मागून काही बोलली की ते आपले "हो" म्हणून टाकतात आणि मग भलतंच काहीतरी आणतात, यावरून रोज वाद. डाव्या कानाला फोन लावायचा त्यांनी कधीच सोडलाय. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे डब्यात माझा मोबाईल मोठा असतो का?"

मी म्हटलं, "हो काका. बराच."

"किती दिवस?"

"तुम्ही तो घेतलात तेव्हापासून."

"आणि एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये एकालाही सांगता आलं नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात वडापाववाले परत आले आणि विषय बदलला. रागावले नाहीत. पण लोणावळ्यापर्यंत मोबाईल काढला नाही आणि नेहमीसारखे गप्पाही मारत बसले नाहीत, खिडकीतून बघत होते. मला फार कसंतरी झालं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी मुलासोबत जाऊन त्यांनी तपासणी करून घेतली. डावा कान बराच गेलाय, उजवा बरा आहे. यंत्राचं बघताहेत, किमती ऐकून मुलगा म्हणाला जरा थांबूया, दोन ठिकाणी विचारूया.

आणि सोमवारी काका विजयी मुद्रेने डब्यात आले. मुलाने ब्लूटूथचे इअरबड घेऊन दिले होते. डबी उघडून सगळ्यांना दाखवली, दोन्ही कानांत घातले, रील लावलं. आणि फुल्ल आवाजात, स्पीकरवर, बारा राशी सुरू! बड जोडलेलेच नव्हते. डबी उघडली की ते आपोआप जोडले जातात असं मुलाने सांगितलं होतं, ते झालं नाही, आणि काकांना ते कळायला मार्ग नव्हता, कारण कानांत बोळे आणि आवाज तर येतोय. मला म्हणाले, "चांगले आहेत गं, पण जरा बारीक येतं," आणि आहे तो आवाज आणखी वाढवायला बटण दाबत बसले. आयटीवाली हसून हसून बाकावर आडवी. शेवटी तिनेच त्यांचा मोबाईल घेतला, सेटिंगमध्ये जाऊन जोडून दिले. मेष ते मीन एकदम बंद झालं. काका दचकलेच. मग चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाले, "अरे, हा तर 'साठ हजार' म्हणतोय!"

हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी चार्जिंग संपलं, कारण डबी चार्ज करायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी उजवा बड सीटखाली गेला तो अजून सापडलेला नाही. रेकच्या सफाईवाल्यांना सांगून ठेवलंय.

तर आता ग्रुपने वर्गणी काढून त्यांना वायरवाला घ्यायचं ठरवलंय. मोबाईलला गोल भोक नाही, खाली फक्त चार्जिंगचं आहे. घट्ट बसणारा, रबराच्या टोप्यांचा, पाचशेच्या आतबाहेर. कसला घेऊ?

@भजनग्रस्त, गुरुवारच्या भजनाचा विषयही ग्रुपवर टाकला. भांडण चालू आहे. निकाल लागला की कळवते.

---

भजनग्रस्त

कळवा. वाट बघतोय.

---

फेडर_खाली

टाइप-सी पिनचा वायरवाला बघा, गोल पिनचा आणि वर कन्व्हर्टर असला उद्योग करू नका, तो कन्व्हर्टर पहिल्या आठवड्यात हरवतो. दुकानात काकांचाच मोबाईल नेऊन लावून बघा, काही टाइप-सी इअरफोन काही मोबाईलवर चालत नाहीत. वायरवर माइक असलेला घ्या. नाहीतर फोन आला की ते कानातलं काढतील आणि बोलणं स्पीकरवर.

---

कान_नाक_घसा

टोप्या तीन मापांच्या येतात. तिन्ही घालून बघायला लावा, दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही. आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीत, "मोनो" म्हणून पर्याय असतो तो चालू करून द्या. नाहीतर डाव्या बाजूचा अर्धा आवाज त्यांच्या गेलेल्या कानात जाईल आणि ते परत म्हणतील, बारीक येतं.